तो कान तू उचललास, शालू

शालू, परवा दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझी शोकसभा झाली. डॉक्टरसाहेब बोलले, दोन नर्सा बोलल्या, आणि औषधांच्या खिडकीतून कधी मान वर न करणारा कंपाउंडरसुद्धा बाहेर येऊन बोलला. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, त्या बैलाच्या कानाची. तू कसा न घाबरता तो कान हातात घेतलास, कशी काळपुळी शोधून काढलीस, कसं ते गाव वाचवलंस. मी मागच्या बाकावर बसले होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तू गेल्यावर तरी हे थांबेल असं मला वाटलं होतं. मेलेल्या बाईवर जळणं काही चांगलं लक्षण नाही, पण मी चांगली आहे असं तुझ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं, आता कशाला म्हणू?

मलाही बोला म्हणाले. मी उठले, पदर सारखा केला आणि बरं वाटत नाही सांगून खाली बसले. तिथे बोलले असते तर खोटं तरी बोलावं लागलं असतं, नाहीतर सभा तरी मोडली असती. खरं आहे ते फक्त तुला सांगण्यासारखं आहे, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

आपण दोघी नागपूरला एका बाकावर बसून शिकलो आणि यवतमाळला एकाच दवाखान्याच्या ल्याबमध्ये नोकरीला लागलो. माझं टेबल खिडकीपाशी, तुझं कपाटापाशी. पगार सारखा, काम सारखं. थुंकी, रक्त, लघवी, जखमेतला पू, जे येईल ते घ्यायचं आणि त्यात कोणता जंतू लपलाय तो हुडकायचा. सारखं नव्हतं ते एकच, तुझे हात. बशीत जंतू वाढवायचं आगर घट्ट झालं की त्यावर तारेच्या फासाने नमुना रेघारेघांनी पसरायचा, म्हणजे शेवटच्या रेघेपर्यंत जंतू विरळ होत जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे ठिपके सुटे सुटे उगवतात. सुटा ठिपका मिळाला तरच जंतूची ओळख पटते. तुझ्या बशीत रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नक्षी उगवायची आणि माझ्या बशीत पिठलं. ‘‘चंद्रे, हात हलका ठेव,’’ तू म्हणायचीस. मी हात हलका ठेवायची आणि दात आवळून धरायची.

एकदाच तुझी फजिती झाली, ती मी अजून चघळते. नळ्यांना कापसाची बुचं लावायची होती. तू वॉर्डातून पांढराशुभ्र कापूस आणलास, छान गोल बुचं वळलीस आणि नळ्या वाफेच्या भांड्यात ठेवल्यास. तो कापूस धुतलेला, तो वाफ पिऊन चिंब झाला आणि सगळ्या नळ्या वाया गेल्या. मी जिनिंगमधून साधी रुई मागून आणली, न धुतलेली, अंगच्या तेलाची. तिला पाणी शिवत नाही. कापसाच्या गावात जन्म काढून तुला हे ठाऊक नव्हतं, याचा मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी जिलबी घेतली. पुढच्या आठवड्यात माझ्याच रुईची तुझी बुचं माझ्याहून घट्ट व्हायला लागली. जिलबी खाल्ल्याचाही मग पस्तावा झाला.

सभेत सगळे तुला धाडसी म्हणाले. शालू, मला हसू आवरेना. तुझ्याइतकी भित्री बाई मी पाहिली नाही. जंतूची ओळख पटलेली नसेल तोवर तो जीवघेणाच आहे असं धरून तू चालायचीस. नमुना लागलेली तार तू कधी एकदम ज्योतीत खुपसली नाहीस. आधी ज्योतीच्या कडेला धरून वाळवायचीस, मग हळूच आत न्यायचीस, कारण ओली तार विस्तवात घातली की तडतडते आणि जिवंत जंतू चहूकडे उडतात. टेबलावर जंतू मारणाऱ्या कार्बोलिकमध्ये भिजवलेलं फडकं. तोंडाने नळीत द्रव ओढायचा तर वरच्या टोकाला रुईचा बोळा घातल्याशिवाय नाही. बशीचं झाकण उचलायचं ते बोटभर. मी घाई करायची, आणि तू कामाच्या मधूनच ओरडायचीस, ‘‘चंद्रे! मरायचं आहे का तुले?’’ मी आज धडधाकट इथे बसले आहे त्यात तुझ्या त्या ओरडण्याचा वाटा आहे. हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही, तुझ्याजवळ करते.

डब्याचंही सांगून टाकते. तू माझ्या डब्यातली भाकर न विचारता उचलायचीस, ठेच्याला हात घालायचीस, हा-हू करत पाणी प्यायचीस. मला आवडायचं. मग कुणीतरी म्हणायचं, शालूबाई मास्तरांच्या सोवळ्या घरच्या असून किती मोठ्या मनाच्या. मीही तुझ्या पोळ्या खात होते की! माझ्या मनाच्या मापाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तुला हे कधी खटकलं नाही, कारण तू जेवत होतीस आणि मी ऐकत होते.

आता त्या कानाकडे येते. चौसष्टच्या उन्हाळ्यात केळापूरकडच्या एका गावातून एक माणूस आला. त्याने गावातला मेलेला बैल सोलला होता. दंडावर फोड, मधोमध कोळशासारखा काळा, भोवती सूज, आणि दुखत नाही म्हणत होता. डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना काळपुळीची शंका आली, जी गुरांकडून माणसाला होते आणि सांभाळली नाही तर दोघांनाही नेते. मी त्या फोडातलं पाणी घेऊन बशीवर पसरलं. पण गावाकडच्या कुणा डॉक्टराने त्याला आधीच पेनिसिलिन टोचलं होतं, त्यामुळे माझ्या बशीत काही उगवेल याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच गावात आणखी एक बैल पडला. रोग पसरू नये म्हणून असं जनावर फाडायचं नसतं, नुसता कान कापून पाठवतात. जनावरांच्या डॉक्टरांनी तो बरणीत बंद करून पाठवला, आणि त्या दिवशी अनोळखी नमुना बघायची पाळी माझी होती.

डॉक्टरसाहेबांनी बरणी माझ्या टेबलावर ठेवली. मी उठून दूर झाले.

‘‘हे मी नाही करणार, साहेब.’’

‘‘सगळी काळजी घेऊन करा, बाई. घाबरू नका.’’

‘‘मी घाबरून नाही राह्यली. माह्या बापानं सोडलं हे. मी मेल्या ढोराले हात नाही लावत.’’

तुला माहीत होतं मी कशाबद्दल बोलतेय. मीच तुला सांगितलं होतं. आमच्या गावात मेलेलं जनावर ओढून न्यायचं ते आमच्याच वस्तीने. छप्पन साली बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्याने ओढायचा दोर चुलीत घातला. ‘‘आता या घरातलं कोनी मेल्या ढोराले शिवनार नाई,’’ तो मला म्हणाला, ‘‘पोरी, तू बी नाई.’’ त्यानंतर पाटलाची म्हैस मेली. ती वाटेवर सडत पडली, पण आमच्यातलं कुणी उठलं नाही. त्या हंगामात आम्हाला गावात कुणी कामावर बोलावलं नाही. आई परगावी वेचणीला जायची. एवढी किंमत मोजून सोडलेली गोष्ट होती ती.

आणि तू रबरी मोजे चढवता चढवता म्हणालीस, ‘‘दीक्षा तुह्या बापानं घेतली ना? बैलानं तर नाही घेतली? कान आहे तो चंद्रे, पुरं ढोर थोडीच आहे!’’

मी सोडून खोलीतले सगळे हसले. डॉक्टरसाहेबसुद्धा.

मग तू काम केलंस, आणि मी खिडकीपाशी उभी राहून ते पाहिलं. तोंडावर जाळीचा फडका, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. घामाने तुझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. कानाच्या कापल्या कडेचा तिळाएवढा तुकडा तू चिमट्याने घेतलास, काचपट्टीवर टेकवलास, वाळवलास, रंगवलास. मायक्रोस्कोपात बांबूच्या पेरांसारखे जाड जंतू माळा करून बसले होते. दुसऱ्या दिवशी तुझ्या बशीत दुधी काचेसारखे खरबरीत ठिपके, कडेला कुरळ्या बटा. शेवटची परीक्षा राहिली, कारण गवतावरचा साधा निरुपद्रवी जंतू हुबेहूब असाच दिसतो. फरक एवढाच की गवतावरचा पोहतो आणि काळपुळीचा जागचा हलत नाही. तू खळग्याच्या काचपट्टीवर थेंब उलटा टांगलास, कडा व्हॅसलीनने बंद केल्यास आणि पाहिलंस. ‘‘हलत नाही,’’ तू म्हणालीस. माझी बशी कोरी होती.

त्या गावातली गुरं टोचली, मेलेली चुना टाकून खोल पुरली, तो माणूस बरा होऊन चालत घरी गेला. सगळं चांगलं झालं. आणि चार वर्षं मी ती गोष्ट ऐकते आहे, दर नव्या डॉक्टराला सांगितलेली, दर पाहुण्याला सांगितलेली. माझ्या पाळीच्या जंतूची गोष्ट.

आता ऐक, जे तुला कधी सांगितलं नाही. मला त्या कानाची किळस आली नव्हती. मला तो हवा होता. नागपूरला पुस्तकातलं त्याचं चित्र पाहून आपण दोघींनी डोकी एकत्र केली होती, आठवतं? तो जंतू माझ्या टेबलावर चालत आला होता आणि माझे हात शिवशिवत होते. पण तू मास्तरांची लेक. तुझ्या सात पिढ्यांत कुणी मेलं जनावर शिवलं नाही, म्हणून तू कान उचललास की ते धाडस झालं. मी उचलला असता तर लोक म्हणाले असते, हिला काय, हे तर यांचं घरचंच काम. तोच कान, तेच मोजे, तेच कार्बोलिक. तुझ्या हातांवर मी जळायची ते वेगळं, ते आपलं रोजचं भांडण. या गोष्टीवर मी जळले ते वेगळंच. तू काही केलंस की ते तुझं व्हायचं. मी काही केलं की ते माझ्या आजोबाचं व्हायचं.

तू एवढी हुशार, चिठ्ठी नसलेल्या आंधळ्या नळीतला जंतू ओळखायचीस, आणि हे तुला दिसलं नाही. की दिसलं होतं? मागच्या दिवाळीत आपण बशा धूत होतो तेव्हा तू मध्येच थांबलीस. ‘‘चंद्रे, त्या दिवशी मी ते बैलाचं बोलली ना...’’ असं म्हणालीस. मी म्हटलं, ‘‘कोणत्या दिवशी?’’ आणि नळ सोडला मोठा. तू पुढे बोलली नाहीस. मला वाटलं, बोलेल परत कधीतरी, घाई काय आहे. मला तो राग आणखी थोडे दिवस ठेवून घ्यायचा होता, माझ्या मालकीचं तेवढंच तर होतं.

आणि तू जिना चढताना बसलीस ती उठलीच नाहीस. लोक म्हणतात, ल्याबमधल्या जंतूंनी नेलं. मी प्रत्येकाला ठणकावून सांगते, नाही. तिच्या टेबलावरचा एक जंतू कधी तिच्या बोटाला लागला नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून काळीज कमकुवत होतं तिचं. तुझी चूक झाली असं कुणी म्हणालेलं मला खपत नाही. का खपत नाही ते मला विचारू नकोस.

तुझं तेरावं झालं त्या आठवड्यात आणखी एक कान आला. लोहाऱ्याकडून. तिथल्या एकाने मेलेली गाय सोलली होती आणि त्याच्या मनगटावर फोड आला होता. त्याला वॉर्डात वेगळं ठेवलं होतं, बायको बाहेर पायरीवर बसून होती. डॉक्टरसाहेब बरणी घेऊन दारातच थांबले. तुझ्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘‘चंद्राबाई, मी नागपूरला पाठवतो. तुमच्यावर सक्ती नाही.’’

नागपूरहून उत्तर यायला वेळ लागला असता. तो माणूस तोवर मरणाची वाट पाहत पडला असता आणि त्याच्या वाडीत भीतीने चुली पेटल्या नसत्या. मी विचार केला, शालू, तुझ्यासारखा झटपट नाही, माझ्यासारखा रखडत. बाने दोर जाळला तो हुकमाचा दोर होता. हाक मारली की जायचं, नाही म्हणायची सोय नाही. आणि हा साहेब दारात उभा राहून मला विचारत होता. नाही म्हणायची सोय होती, म्हणून मला हो म्हणता आलं. ‘‘ठेवा इथे,’’ मी म्हटलं. कंपाउंडर मागे उभा होता. म्हणाला, ‘‘तुमाले का जड हाय, बाई, तुमाले जमूनच जाईन.’’ त्याला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं. मी त्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मग मी मोजे चढवले. पंखा बंद केला, फडकं भिजवलं, तार कडेला वाळवून मग ज्योतीत नेली. मायक्रोस्कोपात जाड जंतू दिसले, पेरापेरांचे, माळा करून बसलेले. मिळाला, मला मिळाला, असं झालं. दुसऱ्या दिवशी बशीत दुधी ठिपके उगवले. शेवटच्या रेघेवर सुटे सुटे, पिठलं नाही. मी थेंब टांगला, व्हॅसलीन लावलं, डोळा लावला.

पळत होते गं. सगळेच्या सगळे, शाळा सुटल्यासारखे. पुन्हा थेंब घेतला, तिसऱ्यांदा घेतला. माणसाच्या फोडातल्या पाण्यातही काळपुळीचं काही नव्हतं, साधं गळू होतं ते. कान उन्हात पडून सडलेला होता आणि त्यावर गवतावरचा जंतू वाढला होता. एका माणसाचा जीव वाचला होता, आणि मी तिथे तोंड पाडून बसले, माझा जंतू मारणारा निघाला नाही म्हणून. तुझा खरा निघाला आणि माझा गवताचा! मला तुझा इतका राग आला, आणि मग मी एकटीच हसत सुटले, तोंडावरचा फडका ओला होईपर्यंत. या हसण्यातलं कुणाला काय कळणार होतं? तुला कळलं असतं. तू टेबलावर डोकं ठेवून हसली असतीस.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी त्या माणसाला दुसऱ्यांच्यात हलवलं. वाडीला निरोप गेला. मी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि दुपारी बाहेर पडले तर त्याची बायको पायरीवरून उठली. तिने माझे दोन्ही हात धरले. कार्बोलिकच्या वासाचे, कानाला लागून आलेले ते हात तिने कपाळाला लावले.

‘‘बाई, तुमीच पाह्यलं म्हने. माह्या मानसाले सोडून राह्यले घरी. तुमीच का वो शालूबाई? लय नाव आयकलं तुमचं.’’

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या हातात आलं होतं, आणि त्यावरही तुझंच नाव. मी हात सोडवून घेतले. या बाईला तरी खरं कळू दे, हे काम चंद्रभागेने केलंय, एवढं मला सांगायचं होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं.

‘‘नाही बाई,’’ मी म्हटलं. ‘‘शालूबाई वारल्या.’’

हे वाक्य तोवर मी कुणाजवळ बोलले नव्हते, शालू. ते बोलून झाल्यावर मला माझं नाव सांगता आलं नाही.